सरावपाठापलीकडचा वर्ग

महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या वर्गांवर शिक्षक म्हणून उभे राहायचे तर उमेदवाराला आज चार दारे ओलांडावी लागतात. आधी डी.एल.एड. किंवा बी.एड., मग शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि सरतेशेवटी पवित्र पोर्टलवरची निवड यादी. एवढ्या तपासण्यांतून पार पडलेला माणूस वर्गासाठी तयार असणार, असे कोणालाही वाटेल. पण नेमणुकीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अनेक नव्या शिक्षकांची बोलणी वेगळीच असतात: जे शिकलो ते इथे लागत नाही आणि जे लागते ते कोणी शिकवले नाही. असे का होते हे कळायला फार लांब जावे लागत नाही. चारही दारांवर उमेदवाराला काय येते ते पाहतात. त्याने शिकवल्यावर मुलांना काय आले, हे एकाही दारावर कोणी विचारत नाही. या पुस्तकातले लेख अभ्यासक्रम, सरावपाठ, आंतरवासिता, पात्रता परीक्षा आणि नोकरीची पहिली वर्षे अशा वेगवेगळ्या बाजूंनी शिक्षक-शिक्षणाकडे पाहतात. त्यांचा गोषवारा इथे देत नाही. ते सारे ज्या प्रश्नापाशी येऊन भिडतात तो मांडतो आणि माझे उत्तरही सांगून टाकतो. आपल्या शिक्षक-प्रशिक्षणाचे दुखणे कालावधी कमी असण्यात नाही, आणि पुस्तकी असण्यातही फारसे नाही. शिक्षक घडवणारी संस्था आणि तो ज्या वर्गात जाणार ती शाळा यांचे हिशेब वेगळे ठेवले गेले आहेत, आणि नवा शिक्षक वर्गात अडखळला तर त्याचे उत्तर कोणाकडेच मागता येत नाही. खरे दुखणे तिथे आहे.

ही तक्रार जुनी आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शिक्षकांविषयी लिहिताना दोन गोष्टी एकत्र मांडल्या होत्या. बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित आणि तुटपुंज्या पगारावरचे आहेत, ही एक. शेतकरी वर्गातून शिक्षक घेऊन तयार केले तर ते त्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, ही दुसरी. ज्या मुलांना शिकवायचे त्यांच्यापासून दूर ठेवून शिक्षक तयार होत नाही, हे त्यात गृहीत आहे. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हेच निदान संस्थांच्या भाषेत केले: शिक्षक-शिक्षण विद्यापीठांच्या जीवनापासून तुटले आहे, शाळांपासून तुटले आहे आणि प्रशिक्षण संस्था एकमेकींपासूनही तुटल्या आहेत. त्यानंतर साडेचार दशकांनी सर्वोच्च न्यायालयाला न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला, आणि त्यामागचा वाद महाराष्ट्रातलाच होता. राज्यातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेवरून तो न्यायालयात गेला होता. २०१२ मध्ये आलेल्या अहवालातून दिसले की देशातल्या शिक्षक-शिक्षण संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खासगी क्षेत्रात आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच आयोगाचा हवाला देऊन, दहा हजारांवर एकल संस्थांपैकी बहुसंख्य संस्था शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही न करता पैसे घेऊन पदव्या विकतात, असे स्पष्ट लिहिले आहे. सरकारी दस्तऐवजात इतकी उघड भाषा क्वचितच येते. तरीही पदव्या विकणाऱ्या संस्था हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे. त्या बंद करता येतात. अवघड भाग आहे तो प्रामाणिकपणे चालणाऱ्या अध्यापक महाविद्यालयांचा.

अशा एका चांगल्या महाविद्यालयातला सरावपाठ डोळ्यांपुढे आणा. छात्राध्यापिकेने पाठटाचण लिहून मार्गदर्शकांकडून तपासून घेतले आहे. त्यात उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे आहेत, शिक्षककृती आणि विद्यार्थिकृती यांचे रकाने आहेत, फलकलेखन काय होणार तेही आहे. शाळेने तास दिला आहे तो बहुधा सातवी-आठवीचा, कारण दहावीचा वर्ग सरावासाठी सहसा कोणी देत नाही. प्रस्तावनेचे तीन-चार प्रश्न, मग ‘आज आपण अमुक घटक अभ्यासणार आहोत’ असे हेतुकथन, मग विषयविवेचन, शेवटी उपयोजन आणि गृहपाठ. मागच्या बाकावर मार्गदर्शक आणि दोघे सहाध्यायी निरीक्षण तक्ता भरत आहेत. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे पाच-सहा हात वर होतात. त्यांचीच उत्तरे घेत पाठ पुढे सरकतो, कारण चुकीचे उत्तर आले तर टाचणातली पुढची ओळ अडते. तास संपतो आणि शेरा मिळतो: आवाज स्पष्ट, फलकलेखन नीटनेटके, वेळेचे भान ठेवावे. यात कोणीही लबाडी केलेली नाही. पण मागच्या दोन बाकांवरच्या मुलांना काय कळले याची नोंद कुठेही झालेली नाही, आणि उद्या त्याच मुलांपुढे उभे राहून कालच्या न कळलेल्या भागाचे काय करायचे, ही पाळी छात्राध्यापिकेवर येत नाही. हर्बार्टच्या अनुयायांनी बसवलेली पंचपदी किंवा १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेले सूक्ष्म अध्यापन ही मुळात नवख्या माणसाला धीर देणारी साधने आहेत. आपण त्यांनाच अध्यापन समजून बसलो. पाठ उत्तम वठला म्हणजे शिकवणे झाले, हा समज नव्या शिक्षकाच्या मनात तिथेच रुजतो.

आता नेमणुकीची शाळा पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणून जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत एकेका शिक्षकासमोर दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात. नंदुरबारला मुलांच्या घरी पावरी असते, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. २०२४ च्या असर पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, आणि भागाकार करता आला तो ३०.७ टक्क्यांना. म्हणजे पाचवीचा वर्ग हाती आलेल्या शिक्षकासमोरची निम्मी मुले पाचवीचे पुस्तक वाचू शकत नाहीत. पाठटाचण मात्र सगळी मुले पाचवीतच आहेत असे धरून चालते. एक साधे उदाहरण घेऊ. तिसरीतली मुलगी ५२ मधून २७ वजा करते आणि ३५ लिहिते. फुली मारून ‘नीट कर’ म्हणणे सोपे आहे. पण वहीत थोडे डोकावले तर दिसते की तिने सातातून दोन काढले आणि पाचातून दोन. ‘मोठ्यातून लहान काढायचे’ हा नियम तिने स्वतःच बनवला आहे आणि तो नेमाने पाळते आहे. तिला आणखी दहा उदाहरणे दिली तर ती दहाही त्याच नियमाने चुकवेल. तिला हवा आहे तो एक दशक सुटा करून दहा एकक मोजण्याचा अनुभव. चूक वाचणे आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवणे हे केवळ गणिताचे ज्ञान नव्हे आणि केवळ अध्यापनतंत्रही नव्हे. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या दोहोंच्या सांध्यावर असलेल्या ज्ञानाकडे लक्ष वेधले, तेव्हापासून जगभर शिक्षक-शिक्षणात त्याची चर्चा होत आली आहे. आपल्या बी.एड.मध्येही आशययुक्त अध्यापन शिकवतात. पण मुलांच्या वह्या समोर न ठेवता शिकवलेले आशययुक्त अध्यापन व्याख्येपुरते आणि टप्प्यांपुरतेच उरते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो पुराव्यानिशी येतो. प्रशिक्षणाने काही फरक पडतच नसेल तर? न्यूयॉर्क शहरातल्या शिक्षकांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून केन, रॉकऑफ आणि स्टायगर यांनी २००८ मध्ये दाखवले की प्रमाणपत्र असलेले आणि नसलेले शिक्षक यांच्यात सरासरी फरक किरकोळ आहे, आणि एकाच गटातल्या शिक्षकाशिक्षकांतला फरक मात्र खूप मोठा आहे. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांच्या प्रयोगात, कमी शिकलेले आणि क्वचितच प्रशिक्षित असलेले कंत्राटी शिक्षक कायम शिक्षकांपेक्षा कमी प्रभावी ठरले नाहीत. अमेरिकेत २००६ च्या आर्थर लेविन यांच्या अहवालात तर शिक्षणशास्त्राच्या माजी विद्यार्थ्यांपैकीच ६२ टक्क्यांनी सांगितले की वर्गातल्या वास्तवाला तोंड देण्याची तयारी या संस्था करून घेत नाहीत. यावरून शिकवणे ही उपजत देणगी आहे, महाविद्यालये बंद करावीत आणि पैसा वाचवावा, असा निष्कर्ष काढणारे आपल्याकडेही आहेत. पण हे अभ्यास तसे म्हणत नाहीत. आज ज्या रूपात प्रमाणपत्र दिले जाते ते शिक्षकाच्या कुवतीविषयी फारसे काही सांगत नाही, एवढेच ते सांगतात. त्यातून सिद्ध होते ते आजच्या प्रशिक्षणाचे अपयश. प्रशिक्षण मुळातच व्यर्थ आहे, हे काही त्यातून निघत नाही.

उलट, प्रशिक्षणाच्या आत शिरून पाहणारे अभ्यास वेगळी गोष्ट दाखवतात. न्यूयॉर्कमधल्याच सुमारे तीस प्रशिक्षण कार्यक्रमांची तुलना करून बॉइड, ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडले की ज्या कार्यक्रमांत वर्गातल्या प्रत्यक्ष कामावर भर होता आणि सराव-अध्यापनावर नीट देखरेख होती, त्यांतून बाहेर पडलेल्या शिक्षकांची मुले पहिल्याच वर्षी अधिक शिकली. वॉशिंग्टन राज्यातल्या माहितीवरून पुढे असेही आढळले की सराव केलेल्या शाळेतली मुले आणि नोकरीच्या शाळेतली मुले सारख्या परिस्थितीतली असतील तर शिक्षक अधिक परिणामकारक ठरतो. आंध्रच्या प्रयोगमालेत आणखी एक धागा आहे. एरवी प्रशिक्षित शिक्षकांचे वर्ग पुढे दिसत नव्हते, पण मुलांच्या प्रगतीवर शिक्षकाला प्रोत्साहन मिळू लागताच अधिक शिकलेले आणि अधिक प्रशिक्षण घेतलेले शिक्षक पुढे गेले. याचा सरळ अर्थ असा की प्रशिक्षणात काहीतरी मिळालेले असते, पण मुलांच्या शिकण्याविषयी कोणी विचारत नाही तोवर ते वापरात येत नाही. पगाराला परीक्षेचे निकाल जोडावेत, असे मी यावरून सुचवत नाही, त्याचे दुष्परिणाम उघड आहेत. सरावाची जागा आणि कामाचे उत्तरदायित्व, या दोन ठिकाणी गाठ पक्की असली की प्रशिक्षण फळते, एवढाच बोध मी घेतो.

आपल्या सुधारणांनी या दोन गाठींना फारसा हात घातला नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे केले आणि शाळेतली आंतरवासिता वीस आठवड्यांवर नेली. कागदावर हा मोठा बदल होता. पण शाळेच्या बाजूने काय बदलले? छात्राध्यापकाला मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतल्या शिक्षकाला त्यासाठी वेळ, मोबदला किंवा प्रशिक्षण यांपैकी काही मिळण्याची पक्की सोय झाली नाही. मग रजेवरच्या शिक्षकांचे तास सांभाळणे आणि स्नेहसंमेलनाची तयारी यांत आठवडे जातात आणि हजेरीपत्रक भरते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड.धारक पहिली ते पाचवीच्या प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरत नाहीत असा निकाल दिला. हजारो उमेदवारांना त्याने धक्का बसला, पण त्यामागचे तत्त्व या पुस्तकाच्या भूमिकेशी जुळणारे आहे. नववीला इतिहास शिकवण्याची तयारी म्हणजे पहिलीला वाचायला शिकवण्याची तयारी नव्हे. २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता करण्याचे नव्या धोरणाचे उद्दिष्ट आहे, तेही याच कसोटीवर तपासले पाहिजे. दिल्ली विद्यापीठात १९९४ मध्ये सुरू झालेला बी.एल.एड. अभ्यासक्रम चार वर्षांचाच होता आणि त्याला मान मिळाला, पण केवळ वर्षांमुळे नाही. मुलांचे निरीक्षण आणि शाळेतले काम त्यात पदवीभर विणलेले होते. ते वगळून वर्षे वाढवली तर वाढेल ते फक्त शुल्क.

दुसरा आक्षेप असा की टीईटी आहेच, मग काळजी कसली? २०१० च्या अधिसूचनेनंतर २०११ मध्ये केंद्राची आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राची पात्रता परीक्षा सुरू झाली. राज्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांतच राहिले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होण्याचे बंधन घातले. प्रशिक्षण पूर्ण केलेले इतके उमेदवार १५० बहुपर्यायी प्रश्नांत ६० टक्के गुण मिळवू शकत नसतील तर महाविद्यालयांच्या निकालपत्रकांवर गंभीर प्रश्नचिन्ह उमटते, यात शंका नाही. विषयाचे किमान ज्ञान तपासणारी परीक्षा असलीच पाहिजे. पण ५२ मधून २७ वजा केल्यावर ३५ का आले हे ओळखणे आणि त्या मुलीसाठी उद्याचा तास आखणे, तेही शेजारी दुसरी इयत्ता बसलेली असताना, हे चार पर्यायांतून एक निवडून सिद्ध होत नाही. परीक्षा अपात्र उमेदवाराला बाहेर ठेवू शकते. शिक्षक घडवणे तिच्या आवाक्यातले काम नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शिक्षक तयार असून काय उपयोग, परिस्थितीच त्याला शिकवू देत नाही, असे शिक्षक संघटना म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. निवडणुकीची कामे, पोषण आहाराचे हिशेब, रोज नव्या नमुन्यात मागवली जाणारी माहिती, विनाअनुदानित शाळांतली पगाराची वर्षानुवर्षांची वाट, हे सारे खरे आहे. पण याच परिस्थितीत राज्याने एक गोष्ट हातची घालवली आहे. २००० पासून महाराष्ट्रात नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर जातात. २०२३ मध्ये वाढवल्यानंतरही प्राथमिकसाठी ते महिना १६,००० रुपये आहे. जगभरचे अभ्यास सांगतात की शिक्षक सर्वाधिक वेगाने सुधारतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत. आपण नेमकी तीच तीन वर्षे उमेदवारी म्हणून राखून ठेवली, पण ती वापरली पगार वाचवण्यासाठी. उमेदवार आहे पण उस्ताद नाही, अशी ही उमेदवारी. दर केंद्रासाठी केंद्रप्रमुखाचे पद आहे, १९८६ च्या धोरणातून उभी राहिलेली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. पण केंद्रप्रमुखाचा दिवस माहिती गोळा करण्यात जातो आणि नव्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मुलांच्या वह्या पाहायला त्याला सवड उरत नाही. परिस्थिती बदलायची तर सुरुवात इथून होऊ शकते, आणि त्यासाठी नवे पदही निर्माण करावे लागत नाही.

शेवटचा आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे. सगळे शिक्षण शाळेतच होणार असेल तर मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणाचे तत्त्वज्ञान यांचे ओझे हवे कशाला, जुन्या शिक्षकाच्या हाताखाली दोन वर्षे घालवली की झाले. हा मार्ग मोहक आहे आणि धोक्याचाही. जुन्या शिक्षकाच्या हाताखाली जुनेच शिकायला मिळते. पाठांतर घेणारा शिक्षक पाठांतर घेणाराच उमेदवार तयार करील, आणि आदिवासी मुलाच्या गप्प बसण्याला मंदबुद्धी समजणारा शिक्षक तोच समज पुढे देईल. विचारांची गरज आहे ती अशा वेळी. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेले काम याचा जुना पुरावा आहे. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. केवळ चालत आलेल्या रिवाजाच्या बळावर हे कोणाला सुचले नसते. मूल कसे शिकते याविषयी त्यांच्यामागे पक्का विचार होता, आणि बालशिक्षिकांची तयारीही त्याच मुलांच्या सान्निध्यात होत होती. तिथे विचार आणि वर्ग यांच्यात अंतर पडले नाही. तत्त्वज्ञानाचा तास सकाळी आणि मुले दुपारी, आणि मधल्या वेळात त्या दोन्हींवर बोलणारा एकच माणूस, अशी रचना झाली तर त्या ओझ्याची कुरकुर आपोआप थांबेल.

मग करायचे काय? प्रत्येक अध्यापक महाविद्यालयाला काही शाळा कायमच्या जोडाव्यात, आणि त्यांत द्विशिक्षकी शाळा असलीच पाहिजे. तिथल्या अनुभवी शिक्षकांना मार्गदर्शक म्हणून रीतसर नेमावे, त्यांचे तास कमी करावेत आणि त्यांचा शेरा अंतिम निकालात महाविद्यालयाच्या शेऱ्याइतकाच मानावा. छात्राध्यापकाने सुटे पाठ देण्याऐवजी त्याच मुलांना सलग काही आठवडे शिकवावे, आणि त्याचे मूल्यमापन मुलांच्या वह्यांवरून व्हावे: कोणती चूक दिसली, त्यावर काय केले, त्याने काय फरक पडला. पुढे शिक्षणसेवकाच्या पहिल्या वर्षाचा अहवाल तो जिथून आला त्या महाविद्यालयाकडे जावा, आणि महाविद्यालयाच्या मान्यतेचा विचार करताना इमारत आणि ग्रंथसंख्येआधी तो पाहिला जावा. यात खर्च आहे, हे मान्य. पण वीस आठवड्यांची आंतरवासिता, तीन वर्षांची शिक्षणसेवा आणि केंद्रप्रमुखाचे पद यांवर राज्य आजही खर्च करतेच. त्यांना एकमेकांशी बांधून त्यांची जबाबदारी एका ठिकाणी ठरवायची आहे. ती विद्यापीठाची, शिक्षण विभागाची की शाळेची, यावर पुढील लेखांच्या लेखकांत मतभेद आहेत, आणि माझ्या मताशी त्यांतले काही जण मुळीच सहमत नाहीत. वाचकांनी, विशेषतः अध्यापक महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी आणि मुख्याध्यापकांनी, तो वाद आपापल्या संस्थेत पुढे न्यावा आणि एखाद्या शाळेपुरता तरी निकाली काढावा, एवढी या पुस्तकाची अपेक्षा आहे.